सोळा नंबरची शांतता

पिंपळहाळ गावानं शांतता निवडली, कारण बाकी कशालाही काम करावं लागलं असतं.

झालं असं, की धाराशिवला गावोगावच्या सरपंचांचं एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवलं होतं. सगळ्या जगानं मिळून विकासाची सतरा ध्येयं ठरवलीत, ती आता गावांनी उचलायची. भूक, पाणी, शाळा, दवाखाना असं करत करत सतरा. प्रत्येक गावानं त्यातलं एक डोक्यावर घ्यायचं, वर्षभर राबायचं, आणि जे गाव पहिलं येईल त्याला पुरस्कार, वेशीवर कमान आणि साहेबलोकांबरोबर फोटो. पिंपळहाळची सरपंच श्रीदेवी. म्हणून प्रशिक्षणाला तिचा नवरा श्रीमंत गेला. गावात सगळे श्रीमंतलाच 'सरपंच' म्हणायचे. श्रीदेवी निवडून आल्यापासून पंचायतीचं ऑफिस तिनं फक्त झेंडावंदनाला बघितलं होतं, तेही बाहेरून.

श्रीमंत परत आला तो रंगीत चौकोनांचा एक मोठा कागद घेऊन. ग्रामसेवक अनिरुद्ध भाऊसाहेबांनी तो टेबलावर पसरला. भाऊसाहेब तुळजापूरचे, पुजाऱ्यांच्या घरातले. सरकारी परिपत्रकसुद्धा ते असं वाचायचे, की ऐकणाऱ्याचा हात आपसूक आरतीच्या ताटाकडं जावा.

“सहा नंबर घ्या,” ते म्हणाले. “पाणी आणि स्वच्छता.”

“पाणी कुठनं आणू? आन् संडासात लोकांनी कडबा भरलाय. तो काढला तर कडबा कुठं ठिवायचा?”

“चार नंबर. शिक्षण.”

“त्याला गुरुजी रोज यावं लागतंय. फुडं चला.”

“तीन. आरोग्य.”

“दवाखान्याची चावी कुणाकडं हाय तेच सापडंना झालंय. ह्यो काय? हातोड्यावर कबुतर बसलंय ते?”

“सोळा नंबर. शांतता, न्याय आणि सक्षम संस्था.”

“ह्यात काय खणायचंय का?”

“नाही.”

“टाकी-बिकी?”

“नाही. निकष सोपा आहे. वर्षभरात गावातून ठाण्यात किती तक्रारी गेल्या, एवढंच बघणार. जितक्या कमी तक्रारी, तितकं गाव शांत.”

श्रीमंतनं कबुतरावर बोट ठेवलं. “मग हेच. नुसतं गप बसायचंय. आपल्या गावाला ते चांगलं जमतं.”

अशी पिंपळहाळात शांतता आली.

शांतता आली म्हणून भांडणं गेली असं कुणी समजू नये. बांध पूर्वीसारखाच कोरला जायचा, मोटारीची वायर पूर्वीसारखीच कापली जायची, शेळी शेजाऱ्याच्या रानात सापडायची ती कातड्याशिवाय. फक्त आता कुणी तावातावानं ठाण्याकडं निघालं की शांतता समिती आडवी यायची. समिती म्हणजे श्रीमंत आणि त्याच्या दारात चहा पिणारे पाच-सहा जण. मग खंडोबाच्या देवळात बैठक. दोन्ही बाजूंना टोपी, टॉवेल, नारळ. गळाभेट. फोटो. फोटो गावाच्या ग्रुपवर, आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. विरेशची विहिरीवरची मोटार चोरीला गेली, तेव्हा विरेशला टॉवेल मिळाला. ज्यानं नेली त्यालाही टॉवेल मिळाला, वर मोटार.

विरेश डोक्यानं तापट. त्यानं टॉवेल समितीच्या अंगावर फेकला आणि म्हणाला, “चाललो म्या ठाण्यात. घाला तुमचं कबुतर चुलीत.”

तिथं श्रीमंत घाबरला. आणि घाबरलेल्या माणसाला देव आठवतो तसा त्याला आठवला.

रविवारी त्यानं घरटी एक पुरुष देवळात बोलावला. सगळ्यांना बेलभंडार उचलायला लावला. हातात बेलाचं पान, पानावर भंडारा, समोर खंडोबा. कोर्टात शपथ घेऊन बिनदिक्कत खोटं बोलणारी माणसं ह्या भागात बेलभंडारापुढं मात्र चळाचळा कापतात. कुणा एकानं आज्याच्या काळात खोटा उचलला होता, त्याचं तोंड वाकडं झालं ते सरणावरसुद्धा सरळ झालं नाही, अशी गोष्ट प्रत्येक घरात सांगतात आणि प्रत्येक घरात तो माणूस वेगळा असतो. श्रीमंतनं स्वतः पहिला उचलला. मग सगळ्यांनी त्याच्यामागं म्हटलं, “पुरस्काराचा निकाल लागंस्तवर ठाण्याची पायरी चढणार न्हाय. चढलो तर मल्हारी बघून घेईल.”

विरेशनंही उचलला. तोंड सरळ असलेलं कुणाला नको असतं?

“बायांना बोलवायचं का?” कुणीतरी विचारलं होतं.

“बाया कशाला?” श्रीमंत म्हणाला. “त्या कुठं जात्यात?”

देवळाच्या पायरीवर तेव्हा महानंदा सांडलेला भंडारा झाडत होती. तिनं ऐकलं आणि झाडत राहिली. तिचा नवरा उत्तरेश्वर आत रांगेत होता. त्यानं उचललेल्यातला अर्धा भंडारा बाहेर येता येता तिच्या झाडूखाली सांडला.

महानंदा हायवेवरच्या फाट्याला एका धाब्यावर ज्वारीच्या भाकरी थापायची. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे ट्रकवाले तिची भाकरी दोन्ही हातांनी मोडायचे आणि तिला अक्का म्हणायचे. तिची जीभ तव्यासारखी होती, कायम तापलेली. पोरगी एकच, हर्षाली. बारावी सायन्स, नळदुर्गच्या कॉलेजात. पोरीला नर्सिंगला घालायचं महानंदानं ठरवलं होतं, आणि एकदा तिनं ठरवलं की उत्तरेश्वर नुसता मान हलवायचा. तो मुळात शांत माणूस. गावानं सोळा नंबर घ्यायच्या कितीतरी आधीपासून.

गाव ते फाटा हा रस्ता दोन वर्षांपूर्वीच डांबरी झाला. मध्ये ओढ्यावर छोटा पूल आहे, त्याला सिमेंटचा कठडा. त्या कठड्यावर श्रीमंतचा पुतण्या कुलदीप बसायचा, संगं दोन-तीन टवाळ. कॉलेजच्या पोरी बसला निघाल्या की मोबाईलवर गाणं लावायचं. पुढं गाण्यानं भागेना, मग मोटरसायकल शेजारून हळूहळू चालवायची. पोरींनी घरी सांगितलं. घरच्यांनी सांगितलं, खाली बघून चालत जा. दोन पोरी खाली बघत बघत सासरी गेल्या.

एका सकाळी कुलदीपनं हर्षालीचा हात धरला. तिनं हिसका दिला, तर त्यानं दंडाला धरून ओढलं. ड्रेसची बाही खांद्यापासून फाटून त्याच्या हातात गेली. त्यानं ती झेंड्यासारखी हलवली.

हर्षाली धाब्यावर आली नाही, घरी गेली. महानंदा दुपारी परतली तर पोरगी ओसरीवर बसलेली, उघड्या दंडावर चार बोटांचे वळ. रडत नव्हती. तिनं एवढंच विचारलं, “आई, फाटा दुसरीकडं नेता येत न्हाय का?”

महानंदाच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

पोरगी दुसऱ्या दिवसापासून घरात बसली. पुढच्या आठवड्यात तिच्या प्रॅक्टिकल परीक्षा होत्या. त्या चुकल्या की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की उत्तरेश्वरच्या बहिणीनं आणलेलं सोलापूरचं स्थळ दारात उभं होतंच. बारावी नापास पोरीला नर्सिंग कोण देतं? महानंदाला ते सगळं स्पष्ट दिसत होतं. पोरगी पुलाच्या अलीकडंच संपणार होती.

“उठा,” ती नवऱ्याला म्हणाली. “ठाण्यात चला.”

उत्तरेश्वर भिंतीकडं बघत म्हणाला, “बेलभंडार उचललाय गं म्या.”

“तुम्ही उचललाय. पोरीनं न्हाय.”

“घराच्या नावानं उचललाय. घरातलं सगळं त्यात आलं. उद्या पोरीलाच काय झालं तर?”

“आता काय झालंय मग तिला?”

उत्तरेश्वर पुन्हा भिंतीकडं वळला. पण महानंदाही तिथं थोडी अडखळली, हे खरं. जिभेनं कितीही तिखट असली तरी देवाशी तिचं भांडण नव्हतं. वाकड्या तोंडाच्या माणसाची गोष्ट तिच्या माहेरीही सांगायचे.

उत्तरेश्वर समितीकडं गेला. समितीनं बैठक लावली. आणि त्या बैठकीत पिंपळहाळच्या शांततेनं कमाल केली.

देवळाच्या मंडपात सतरंजी, मध्ये नारळ. कुलदीप केस विंचरून आलेला. श्रीमंतनं घसा साफ केला. “पोरानं मस्करी केली, जरा जास्ती झाली. आता आपण कायमचं मिटवून टाकू. हर्षाली, तू कुलदीपला राखी बांध. आजपास्नं ह्यो तुझा भाऊ. तुला रोज फाट्यापर्यंत सोडंल.”

राखी किराणा दुकानातून आणली होती. मागच्या श्रावणातली उरलेली, तिच्यावरचा मणी पडलेला. कुलदीपनं दात दाखवत हात पुढं केला. तोच हात.

हर्षालीनं राखी घेतली. सगळे बघत होते. फोटो काढणारानं मोबाईल वर धरला. तिनं खाली वाकून राखी नारळाला बांधली.

“ह्यो तरी गप पडून ऱ्हातो,” ती म्हणाली आणि उठून घरी गेली.

मंडपात कुणीतरी फिसकन हसलं. श्रीमंतनं मागं वळून बघितलं तसं ते हसू पुन्हा शांततेत गेलं.

महानंदा मात्र उठली नाही. ग्रामसेवक भाऊसाहेब खांबाला टेकून बसले होते, ती त्यांच्याकडं वळली. “भाऊसाहेब, तुमच्या त्या कबुतराच्या कागदाखाली काय लिवलंय, ते जरा वाचा की.”

“आत्ता कशाला?”

“वाचा. आमी अडाणी. ऐकू तरी.”

भाऊसाहेबांनी पिशवीतून कागद काढला, चष्मा लावला आणि सवयीप्रमाणं सूर लावला. “सर्व प्रकारच्या हिंसेत लक्षणीय घट करणे. मुलांवरील अत्याचार, शोषण आणि...” सूर हळूहळू खाली आला. “...आणि सर्वांना न्याय मिळण्याची समान संधी देणे.”

“मग तक्रार करू नका, हे कुठल्या वळीत हाय?”

“तसं कागदात नाही. तो निकष आहे. मोजायचं काहीतरी लागतं ना.”

“निकष कुणी केला?”

“तो वरून आला.”

“वरून म्हंजे? खंडोबाकडनं का?”

“अगं ए,” श्रीमंत मध्ये पडला. “देवाला कशाला मधी घेती?”

“देवाला मधी तुमी घेतलाव, सरपंच. म्या न्हाय.” आणि मग महानंदाचा तवा पेटला. “रस्ता डांबरी केला म्हणून तुमी नारळ फोडला. इकास झाला म्हणलाव. त्या रस्त्यावरनं माझ्या लेकीला जाता येईना. मग त्यो रस्ता कुणाचा? ह्या कुलदीपच्या बुडाखालचा! कालिज हाय, बस हाय, पास हाय, पोरगी हुशार हाय, आन् मधी ह्यो बसलाय. तुमची सतरा ध्येयं घ्या, त्या पुलावर मांडा, आन् बघा त्यातलं एक तरी पलीकडं जातंय का.”

श्रीमंतनं सतरंजी गुंडाळायला लावली. बैठक 'समाधानकारक' झाल्याचं समितीनं ग्रुपवर टाकलं. फोटो राखी बांधलेल्या नारळाचा होता. पन्नास जणांनी हात जोडले.

आता गंमत बघा.

पुरस्काराची तपासणी समिती मंगळवारी येणार होती. त्याआधी ठाण्याकडून दाखला हवा होता, की ह्या गावातून वर्षभरात एकही तक्रार आली नाही. भाऊसाहेबांनी फोन केला तर तिकडून उत्तर आलं, दाखला मिळेल, पण सरपंचानं स्वतः यायचं, समोर सही करायची, गावातल्या आणखी एका साक्षीदाराची सही लागेल. मागं दुसऱ्या कुठल्याशा गावानं दाखल्याची झेरॉक्सच खाडाखोड करून लावली होती, तेव्हापासून हे असं.

“देऊन येतो की सही,” श्रीमंत सवयीनं म्हणाला आणि म्हणता म्हणता थांबला.

त्याला ठाण्याची पायरी चढता येत नव्हती.

समितीतल्या एकेकाकडं त्यानं बघितलं. प्रत्येकजण आपल्या जबड्यावरून हात फिरवत होता. गावात घरटी एक करता करता सगळेच कर्ते पुरुष बांधले गेले होते. आणि तसंही सरपंच तो नव्हताच. ते अख्खं गाव विसरलं होतं, कागद मात्र विसरला नव्हता.

“मग सरपंचबाईंना न्यावं लागेल,” भाऊसाहेब म्हणाले. “त्या कुठं शपथेत आहेत?”

श्रीमंतला हे पटलं, पण घरात त्याची आई होती. रुद्रम्मा. कर्नाटकातून आलेली, ऐंशीच्या घरातली, कानानं अधू पण ऐकायचं ते बरोबर ऐकणारी. तिनं सुनेला उंबऱ्यातच अडवलं. “यव्वा, तू जायाचं न्हाई. बेलभंडार घरादारावर असतंय. तू पायरी चढलीस आन् माझ्या नातवाचं तोंड वाकडं झालं, तर सरळ कोन करनार? तुझा कबुतर?”

“अव्वा, बायांनी उचललाच न्हाय!” श्रीमंत ओरडला.

“मला सांगून काय? देवाला सांग. गावासमोर सांग. मंग जाईल ती. आन् साक्षीला मी जाईन, तुझ्यावर माझा भरोसा न्हाई.”

श्रीमंत देवळात गेला. खंडोबाला हात जोडले. आणि गावासमोर सांगायचं म्हणून त्यानं देवळाचा भोंगा चालू केला.

महानंदा तेव्हा चुलीपुढं होती. धाब्यावरून सुट्टी घेऊन घरात पोरीजवळ बसलेली, डोकं सुन्न झालेलं. भोंगा आधी खरखरला, मग श्रीमंतचा आवाज साऱ्या गावावर पसरला.

“गावकऱ्यांना कळवण्यात येतंय. बेलभंडार पुरुषांनी उचललाय. बायांनी उचललेला न्हाय. बायांना कसलंबी बंधन न्हाय. ठाण्याची पायरी चढायला गावातल्या समद्या बाया मोकळ्या हायत. हे म्या देवाच्या म्होरं उभं राहून सांगतोय.” थोडं थांबून त्यानं पुन्हा सांगितलं, कारण रुद्रम्माचा निरोप आला होता, की पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही.

महानंदानं परातीतला पिठाचा हात झटकला. उत्तरेश्वर दारात उभा होता. त्यानं बायकोकडं बघितलं, मग भोंग्याच्या दिशेला बघितलं.

“समद्या म्हणला व्हय?” त्यानं विचारलं.

“दोनदा म्हणला,” महानंदा म्हणाली. “हर्षे, तो ड्रेस आण. आन् बाही कुठंय?”

“त्याच्याकडंच हाय.”

“असू दे. ती पोलिस आणत्याल.”

मायलेकी पायी निघाल्या. पुलावर कुलदीप होताच. मोबाईलमधून मान वर करून त्यानं आवाज दिला, “काय काकू, ताईला सोडाय निघालाव का?”

“व्हय बाबा,” महानंदा चालता चालता म्हणाली. “तुझ्याच कामाला चाललोय. बस निवांत. उठू नगं.”

त्याला वाटलं टोमणा आहे. तो हसला. हर्षालीनं त्या दिवशी खाली बघितलं नाही. तिनं त्याच्या हातांकडं बघितलं, त्यात बाही आहे का ते.

त्या एसटीतून ठाण्याशी उतरल्या, तर श्रीमंतची गाडी आधीच बाहेर उभी. रुद्रम्मा आणि श्रीदेवी आत गेल्या होत्या, भाऊसाहेब त्यांच्याबरोबर. श्रीमंत लिंबाखाली चहा पीत होता. महानंदाला बघून त्याचा चहा शर्टावर सांडला.

“ए! महानंदा! तू कुठं?”

“पायरी चढाय.”

“तुझं काय काम हितं?”

“सरपंच, तुमीच भोंग्यावर सांगितलंय. समद्या बाया मोकळ्या हायत. म्या बाई न्हाय व्हय?”

“ते दाखल्यापुरतं व्हतं गं!”

“देवाच्या म्होरं दाखल्यापुरतं असं काय बोलला न्हायत. बोलला असताव तर देवानं ऐकलं असतं.”

तो तिच्यामागं धावला आणि पहिल्या पायरीशी येऊन असा थबकला, जणू पुढं विहीर आहे. पाय उचलला. खाली ठेवला. जबड्यावरून हात फिरवला. वर महानंदा आणि हर्षाली दारातून आत गेल्या.

मागून मोटरसायकलवर उत्तरेश्वर आला. बायको काय करते ह्या काळजीनं आला होता. श्रीमंतनं त्याची कॉलर धरली. “तुझ्या बायकोला भाईर काढ! आत्ताच्या आत्ता!”

उत्तरेश्वरनं पायऱ्यांकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. “म्या कसा काढू सरपंच? मला वर जाता येत न्हाय की.”

“मग हितनं हाक मार!”

“शपथंत आवाज बसतोय का न्हाय, ते नक्की न्हाय,” उत्तरेश्वर म्हणाला. “उगं तोंड वाकडं झालं तर?” आणि तो लिंबाखाली बसला, आणि श्रीमंतच्या नावावर एक चहा सांगितला.

आत एका टेबलाशी श्रीदेवी बसली होती, पुढं दाखला, हातात पेन. दुसऱ्या टेबलाशी एक हवालदार बाई.

“काय मावशी?” हवालदार बाईनं विचारलं.

“तक्रार द्यायचीय. लेकीला धरलं, ओढलं, कापडं फाडली.”

“गाव?”

“पिंपळहाळ.”

हवालदार बाईनं श्रीदेवीच्या टेबलाकडं बघितलं. “ते शांत गाव?”

“तेच.”

श्रीदेवीनं मान वर केली. दोघींची ओळख होती तशी. हळदीकुंकवातली, नळावरची. त्यापलीकडं बोलणं नव्हतं. श्रीदेवी ठिकठिकाणी सह्या करायची, महानंदा भाकरी थापायची. आता महानंदानं तिच्याकडं बघितलं. विनवलं नाही, दटावलं नाही. तिनं फक्त पोरीचा दंड पुढं केला. वळ आता पिवळे पडले होते.

“करा सही, सरपंचबाई,” भाऊसाहेब घाईनं म्हणाले. “आपलं आधी उरकून घेऊ.”

श्रीदेवीनं पेन खाली ठेवलं. “ह्यावर काय लिवलंय, वाचा.”

“नेहमीचंच आहे.”

“नेहमीचं म्हंजे काय असतंय, ते मला कुठं ठाव हाय? वाचा.”

भाऊसाहेबांनी वाचलं. ह्या वेळी सूर नव्हता. गावातून एकही तक्रार नाही, गावात पूर्ण शांतता असून महिला निर्भयपणे वावरतात.

“कोण वावरतंय?” श्रीदेवीनं विचारलं. “म्या तर ऑफिसात वावरले न्हाय अजून.” मग ती हवालदार बाईकडं वळली. तिनं दाखला बाजूला सारला. “ह्या पोरीचं आधी लिवून घ्या. आन् साक्षीला माझं नाव घाला. आमच्या गच्चीवरनं पूल दिसतोय. म्या बघितलंय. त्या दिवशीबी, आन् त्याच्या आधीबी. बघून खाली जायची म्या.”

बाकावर बसलेली रुद्रम्मा पुढं वाकली. “काय म्हनतीय ही?”

“कुलदीपवर तक्रार देतायत, आजी,” भाऊसाहेब कपाळ चोळत म्हणाले.

रुद्रम्मानं जरा विचार केला. कुलदीप तिचा नातूच होता, धाकट्या लेकाचा. “त्यानं माझी चांदीची डबी विकली,” ती अखेर म्हणाली. “तेबी लिव. आन् पानी दे जरा.”

तक्रार लिहायला बराच वेळ लागला. हर्षालीनं सगळं स्वतः सांगितलं. बाहीपाशी आल्यावर एकदा थांबली, पाणी प्यायली, पुढं सांगितलं. बाहेर श्रीमंत पायरीच्या अलीकडं येरझाऱ्या घालत होता आणि मधूनमधून खिडकीकडं बघून “श्रीदेवी! अगं श्रीदेवी!” असं ओरडत होता. शेवटी हवालदार बाई खिडकीशी जाऊन म्हणाली, “आत येऊन बोला ना साहेब. बाहेर कशाला शांतता भंग करता?”

परतीच्या वाटेवर श्रीमंत गाडीत तोंडाला येईल ते बोलला. रुद्रम्मानं ते सगळं ऐकू न आल्याचं दाखवलं. घर आलं तेव्हा खाली उतरत एवढंच म्हणाली, “तूच भोंग्यावर बोललास की.”

दुसऱ्या दिवशी गावातल्या बाया एसटीला थांबलेल्या दिसल्या. विरेशची बायको मोटारीसाठी. शेळीवाली शेळीसाठी. एक नुसतीच, ठाणं आतून कसं असतं ते बघायला. नवरे दारात उभे राहून जबडे चोळत होते आणि मनातून, खरं सांगायचं तर, काही जण खूश होते.

मंगळवारी तपासणी समिती आली, तेव्हा पिंपळहाळ तालुक्यात सगळ्यात अशांत गाव ठरलं होतं. साहेबांनी चहा घेतला, नारळाचा फोटो बघितला, मान हलवली. पुरस्कार दुसऱ्या एका गावाला गेला. तिथं वर्षभरात एकही तक्रार नव्हती. त्या गावात पोरी कशा जगतात, हे विचारायचा निकष अजून वरून आलेला नाही.

कुलदीपला पोलिस घेऊन गेले. तो जामिनावर सुटला, सुटणारच होता. वकील चुलत्यानं दिला. पण गावात आल्यावर तो पुलावर बसला नाही. ठाण्यात बसताना त्यानं पाय कसे जवळ घेतले होते, ते हवालदार बाईनं महानंदाला सांगितलं होतं, आणि महानंदानं ते धाब्यावर सगळ्यांना सांगितलं होतं. जीभ कायम तापलेलीच होती. केस चालू आहे. तारखा पडतात. महानंदा जाते.

हर्षालीनं प्रॅक्टिकल दिलं. पहिल्या दिवशी आई फाट्यापर्यंत गेली, दुसऱ्या दिवशी पुलापर्यंत, तिसऱ्या दिवशी पोरगीच म्हणाली, “तू भाकरी कर. मी जाते.”

शेवटच्या पेपरच्या दिवशी दुपारी पोरगी घरी पोचल्याचा फोन धाब्यावर आला नाही. महानंदानं पिठाच्या हातानंच फोन लावला.

“कुठंयस गं?”

“पुलावर.”

“का? काय झालं? कोण हाय तिथं?”

“कोण न्हाय. मीच हाय.” फोनमध्ये काहीतरी कुरकुरीत चावल्याचा आवाज आला. “पेरू खातेय. लई भारी बसायला हाय गं आई हितं. कठडा गार हाय, खालनं वारं येतंय. ती पोरं उगंच बसत नव्हती रोज.”

“घरी जा आधी.”

“जाते की. जरा बसते.”

महानंदानं फोन ठेवला. तव्यावरची भाकरी करपली होती. ट्रकवाला म्हणाला, “अक्का, जळली की.”

“जळू दे,” महानंदा म्हणाली, आणि दुसरी थापायला घेतली.